आरोपपत्रातलं माझं वाक्य

भोपाळला, कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, आमच्या ब्लॉकमधल्या मराठी घरांचे हिंदी अर्ज मी लिहायची. मोठ्यांची हिंदी बाजारापुरती; मी हिंदी शाळेत नववीत, अक्षर वळणदार, आणि त्याची घमेंड नको तेवढी.

समोरच्या क्वार्टरमधले काका नागपूरकडचे, फिटर. पगारातून राज्याचा नवा कर कापायला लागले तेव्हा ते अडून बसले. दर पगाराला रांगेत उभे राहायचे, नंबर आला की म्हणायचे, "न विचारता कापता, तर मी सही करत नाही." आणि पगार न घेताच बाजूला व्हायचे. आवाज नाही, शिवी नाही. पगाराच्या खिडकीच्या आत माझे बाबा बसायचे. तिसऱ्या महिन्यात मागचे लोकही प्रश्न विचारू लागले, आणि साहेबांनी बाबांकडे लेखी रिपोर्ट मागितला.

बाबांनी मराठीत सांगितलं ते एवढंच, की हे सही करत नाहीत, त्यामुळे रांग खोळंबते. मला ते फारच मिळमिळीत वाटलं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला एक भारदस्त शब्द नुकताच हाती लागला होता. मी लिहिलं, 'यह कर्मचारी सरकार के विरुद्ध अराजकता फैला रहा है।'

बाबा अडखळले. "जरा जास्तच होतंय का गं?"

"ऑफिसात असंच लिहितात, बाबा."

त्यांनी सही केली. त्यांना स्वतःच्या नोकरीची भीती होती. मला कसलीच नव्हती, आणि याचाच मला आज जास्त राग येतो.

पंधरा दिवसांनी काका संध्याकाळी आमच्याकडे आले. नोकरीवर बेतलं होतं. आरोपपत्र माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "बाई, याचं उत्तर लिहून दे." वरून दुसऱ्याच ओळीत माझं वाक्य होतं, टाइप केलेलं.

"हे अराजकता म्हणजे काय असते? मी तर लाइनीत उभा होतो ना."

बाबा उठून आत गेले. मला उत्तर येत होतं. काका, सरकारला नाही म्हणणं म्हणजे अराजक नव्हे. तुम्ही तर नियम पाळून नाही म्हणालात. ते सांगायचं सोडून मी कोरा कागद पुढे ओढला. मी उत्तर लिहायला घेतलं, पण रिपोर्टातलं अक्षर साहेब ओळखतील म्हणून मुद्दाम गिचमिड लिहिलं. काकांना वाटलं, मला बरं नाही. ते पाणी घेऊन आले.

चौकशी झाली, नोकरी गेली. आता वय झालं, तरी कर नाकारणारा अराजकता पसरवतो असं कुणी म्हटलेलं ऐकलं की तो शब्द अजून माझ्याच अक्षरात दिसतो.

काका-काकू जवळच्या मंडीदीपला राहायला गेले त्या सकाळी टेम्पो दारात उभा होता. काकू मुद्दाम आमच्याकडे आल्या, माझ्या हातावर करंज्यांचा डबा ठेवला आणि म्हणाल्या, "तू होतीस म्हणून आमची बाजू कागदावर तरी आली."