गार्सियामावशीचं पूर्ण नाव

एखाद्या मराठी बाईच्या नावापुढे ‘गार्सिया’ असं आडनाव दिसलं, तर तुम्ही तिला आधी काय विचाराल? चहा घेणार का, की मूळच्या कुठल्या? खरं सांगा. मी पुष्कळांना पाहिलंय. चहा नंतर येतो.

शालिनी गार्सिया, माझी गार्सियामावशी, मार्चमध्ये गेली. मी नुकतीच नोकरीसाठी नॉर्थ कॅरोलायनात मॉरिसव्हिलला आले होते. दुपारी ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून डबा खात असताना जर्सी सिटीहून तिच्या नवऱ्याचा फोन आला. टोमासकाका मूळचे पोर्टो रिकोचे, हायस्कूलमध्ये स्पॅनिश शिकवतात. त्यांचं वाक्य कधी अर्धवट राहत नाही. त्या दिवशी राहिलं. “सकाळी कॉफी करत होती, आणि मग...” ते तसंच सोडून म्हणाले, “तू ये. मला तिचं पूर्ण नाव हवंय. दगडावर कोरायचंय.” शालिनी गार्सिया हे पूर्ण नाव नाही तर काय, असं मला वाटलं. पण विचारायची ती वेळ नव्हती.

मावशी मला पहिल्यांदा भेटली ती न्यू जर्सीतल्या एका गणेशोत्सवात, शाळेच्या कॅफेटेरियात. मी नुकतीच एम.एस.ला आले होते. आपल्या लोकांची तिथे एक पद्धत आहे. घरून पदार्थ करून आणायचा आणि भांडं परत मिळावं म्हणून झाकणावर चिकटपट्टी लावून त्यावर आडनाव लिहायचं. टेबलावर मांडलेल्या त्या झाकणांकडे मी बघतच राहिले. ओळीने आडनावं! माझं बालपण नागपुरात पत्रकांच्या गठ्ठ्यांमध्ये गेलं. बाबा जातिअंताची पत्रकं छापून घ्यायचे, आम्ही भावंडं ती चौकात वाटायचो. घरात कुणी आडनाव लावत नाही. त्यामुळे माझ्या पातेल्यावर मी नुसतं ‘वांगी’ लिहिलं होतं. शेजारच्या डब्यावर ‘गार्सिया’ होतं. त्यात झणझणीत झुणका होता, आणि तो सगळ्यांत आधी संपला. एका काकूंनी डबा उचलून विचारलं, “गार्सिया म्हणजे तुम्ही गोव्याचे की वसईचे?” मावशी शांतपणे म्हणाली, “अस्वलाचे.” काकू हसल्या, मग हसणं थांबवून पुन्हा म्हणाल्या, “नाही हो, पण माहेरचं काय?” मावशीने त्यांच्या ताटात भाकरीचा तुकडा वाढला. “घ्या की आणखी. थंड होतंय.” मग माझ्या पातेल्याकडे बघून मला म्हणाली, “काय गं पोरी, तुझं आडनाव वांगी का?” त्या दिवसापासून आम्ही एकमेकींच्या झालो.

अस्वलाची गोष्ट मला नंतर त्यांच्या घरी कळली. जर्सी सिटीत त्यांचा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट होता. शनिवारी मी ट्रेनने जायचे, वाटेत आयसेलिनला उतरून देशी दुकानातून तिच्यासाठी ज्वारीचं पीठ घ्यायचे. गार्सिया हे मूळचं नाव, आडनाव नंतर झालं, असं टोमासकाकांनी सांगितलं. उत्तर स्पेनच्या डोंगरांत बास्क लोक राहतात, त्यांच्या फार जुन्या भाषेतून ते आलं असावं. कुणी म्हणतात त्याचा अर्थ अस्वल, कुणी म्हणतात तरुण. खात्रीने कुणालाच सांगता येत नाही. आज स्पेनमध्ये त्याच्याइतकं दुसरं कुठलंच आडनाव आढळत नाही. आणि स्पेनचं राज्य जिथे जिथे गेलं, तिथल्या माणसांनाही बाप्तिस्मा देताना ते चिकटवलं गेलं. मी लगेच तापले. “म्हणजे हे मालकांनी गुलामांवर मारलेला शिक्का आहे! मावशी, असं आडनाव तू आपणहून घेतलंस?” टोमासकाका हात वर करून म्हणाले, “मी तर नको म्हणत होतो. आमच्यात लग्नानंतर बाई स्वतःचं आडनाव सोडत नाही. माझी आई शेवटपर्यंत मोलिनाच राहिली. म्हणून तर मी गार्सिया मोलिना. आधी बापाचं, मग आईचं.” मावशी पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, “तुझ्या आईला कुणी तिच्या नावावरून पाण्याचा वेगळा माठ दाखवला नव्हता.”

तिचं माहेरचं आडनाव विदर्भातलं, ऐकणाऱ्याला लगेच जात कळेल असं. नागपूरच्या वसतिगृहात ते तिच्या आधी खोलीत शिरायचं, असं ती म्हणायची. इथे येऊन हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागली, टोमासकाकांशी लग्न केलं, नागरिकत्व घेताना नाव बदलता येतं म्हटल्यावर बदललं. आमचं यावरून भांडण व्हायचं. मी म्हणायचे, ज्यांनी लाज वाटून घ्यायची ते मोकळे फिरतात आणि तू लपतेस. नाव मिरव! ती म्हणायची, “तुम्ही पत्रकवाले मला कायम मिरवणुकीतच उभं करता. मला बसायचंय गं. चार बायकांत मांडी घालून, कुणी काही न विचारता...” मागच्या हिवाळ्याच्या तोंडाशी बातमी आली की अमेरिकेतल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या दहा आडनावांत आता गार्सियाही आहे. टीव्हीवर काही लोक देश बुडाल्यासारखे बोलत होते. मावशीने मला खास फोन केला. इतकी खूश मी तिला कधी ऐकली नव्हती. “बघ, केवढी गर्दी आहे आमची! आता शोधा म्हणावं मला.” मी हसले. पण तिच्या आवाजात जे होतं ते नुसतं हसू नव्हतं. जिथे सापडू नये आणि तरी आपल्या माणसांत असावं, अशी जागा तिला हवी होती. ती तिला कुठेच पुरती मिळाली नाही. इथेही नाही, आपल्यातही नाही.

मी जर्सी सिटीला पोचले तेव्हा तिच्या अस्थी आल्या होत्या. त्या गार्सिया कुटुंबाच्या दफनभूमीतल्या जागेत ठेवायच्या होत्या. टोमासकाका स्वयंपाकघरात कागद घेऊन बसले होते. त्यांच्या पद्धतीप्रमाणे त्यांना दगडावर तिचं नाव हवं होतं, मग बापाचं आडनाव, मग आईचं. मी म्हटलं, तिने जन्मभर झाकलेलं तुम्ही उघडं करणार? होय, मीच म्हटलं, मिरव म्हणणारीने! मला एकदम भीती वाटली की तिच्या पाठीमागे आपण तिला पुन्हा मिरवणुकीत उभं करतोय. त्यांची मुलगी ज्योती दाराशी उभी होती. कॉलेजात शिकते, मराठी समजते, उत्तर बहुतेक इंग्रजीत देते. त्या दिवशी मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, “मॉमने ते काकू लोकांपासून लपवलं. आता कोण विचारणार तिला? आणि ख्रिसमसला ती मला काय म्हणाली माहितीये? म्हणाली, माझी आई कुणाची मुलगी होती ते विचारायचं राहूनच गेलं.”

मग आम्ही ठरवलं. शालिनी गजभिये... आणि तिथेच थांबलो. आईचं आडनाव कुणाला ठाऊक होतं? मावशी लहान असतानाच तिची आई गेली होती. आम्ही वर्ध्याला तिच्या भावाला फोन लावला. फोन स्पीकरवर होता. मामा रडत होता. म्हणाला, “आईचं नाव चंद्रभागा. माहेर हिंगणघाटकडचं. आडनाव... थांब हं...” त्याने घरात कुणाला तरी विचारलं. “बाबाला माहीत होतं. मी कधी विचारलंच नाही, पोरी. शाळेच्या दाखल्यावरही चंद्रभागा, पुढे बाबाचं नाव, पुढे गजभिये. एवढंच आहे.” मी टोमासकाकांना ते सांगितलं. त्यांना ते कळेना. एका बाईला जन्म देणारं घर, तिचे आईबाप, भाऊबहीण, सगळं एका लग्नात पुसलं जातं आणि पुसलं गेल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही? त्यांनी तीनदा विचारलं, “पण तिच्या पोटच्या मुलालाही माहीत नाही?” मी पत्रकांत स्त्रीमुक्तीवर पुष्कळ वाचलंय, लिहिलंयही. तरी माझ्या आजीचं माहेरचं आडनावही मला त्याच संध्याकाळी नागपूरला फोन करून विचारावं लागलं.

आता मी मॉरिसव्हिलला परत आलेय. शनिवार आला की अजून पाय ट्रेनकडे वळतात आणि इथे ट्रेन नाही. तिच्याशी भांडायचं होतं ते तसंच राहिलंय. ती असती तर म्हणाली असती, दगडावर काय लिहिता, पीठ भिजवा आधी...

दगड घडवणाऱ्याला टोमासकाकांनी ‘गजभिये’नंतर जागा मोकळी ठेवायला सांगितली आहे. म्हणून वाचकहो, हे तुमच्याकडे मागते. हिंगणघाट भागातल्या ज्या कुणा घरातली चंद्रभागा नावाची मुलगी वर्ध्याच्या गजभियांकडे दिली होती, त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि या पुरवणीच्या पत्त्यावर कळवा. ज्यांचा या घराशी संबंध नाही, त्यांनी आपल्या आजीचं माहेरचं आडनाव आज विचारून घ्यावं, ती सांगू शकते तोवर. मात्र ते ऐकल्यावर पुढचा प्रश्न मनातसुद्धा विचारू नका. आणि चंद्रभागेबद्दल काही कळलं तर उशीर करू नका. तो दगड घडवणारा उन्हाळा संपेपर्यंतच थांबणार आहे.