गिऱ्हाईक उठता कामा नये

आता माझीच फजिती मी कुठल्या तोंडाने सांगू? पण चहा आलाच आहे, तर ऐका.

झाशीत लक्ष्मी गेटजवळ माझं साड्यांचं दुकान. गादीवर बसून दिवसभर तोंड चालतं, पण माइक दिसला की मी मागच्या रांगेत जाऊन बसतो. आणि आमच्या मराठी मंडळाचे सचिव जोशीकाका म्हणाले, "यंदा गणपतीत आभार तू मान. नीट जमलं, तर पुढचा अध्यक्ष तूच."

मग काय, मोबाईलवर भाषणकलेचे व्हिडिओ पाहिले. साड्यांच्या गठ्ठ्यांसमोर उभं राहून सराव केला. एकही साडी मधेच उठून गेली नाही. हुरूप येणारच ना?

बायको म्हणाली, "अहो, जाताना तेवढं दुकान घरी ठेवून जा."

"म्हणजे काय?"

"कळेल."

पाहुणे होते बबीना छावणीतले एक सुभेदार. त्यांना परतायची घाई. मी दोन शब्द बोलायचे, शाल द्यायची, संपलं. सुरुवात तर झकास झाली. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक बाई उठली.

आता तुम्हीच सांगा, ज्याने जन्मभर गिऱ्हाईक उठू दिलं नाही, त्याची जीभ गप्प बसेल?

"बहनजी, बैठिए तो! अभी आपने देखा ही क्या है?"

बाई बसली. लोक हसले. मला वाटलं, बोहनी झाली.

मग कोणी जरा हललं, की मी नवा किस्सा काढायचो. सुभेदार उठले, मी आजोबांची गोष्ट काढली. ते पुन्हा उठले.

"साहेब, ही नाही पसंत पडली? दुसरी दाखवतो."

जोशीकाका खालून हात वर करून खुणावत होते, आवर म्हणून. दुकानात तसा हात केला की वरच्या फळीवरचा माल काढायचा असतो. मी काढला.

सुभेदार परत उठले तेव्हा माझ्याकडचे किस्से संपले होते. हातात उरली होती फक्त शाल. झटक्यात तिची घडी मोडली, त्यांच्यापुढे टेबलावर पसरली आणि म्हणालो, "हात लावून तर बघा. धुतली तरी रंग जाणार नाही."

सुभेदारांनी शालीवरून हात फिरवला आणि ते हळूच माझ्या कानाशी वाकले. माइक चालूच होता.

"शेठ, कितीला ते सांगा. घेऊन टाकतो, पण मला जाऊ द्या."

अध्यक्ष दुसराच झाला. मला मंडळाने दिवाळी मेळाव्यात स्टॉल दिलाय, माइकपासून सगळ्यात लांबचा.