मास्तरांचा अकरावा खिसा

नाटक कंपनीच्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारामागे सेनापतीचा एक कोट टांगलेला असे. ज्या नाटकासाठी तो शिवला, ते तीन प्रयोगांतच आटोपलं. सेनापती दुसऱ्या कंपनीत गेला, कोट मास्तरांकडे आला. मास्तरांनी त्याला आतून अकरा खिसे लावले आणि सगळा घरखर्च त्यात बसवला.

पगार पहिल्या तारखेला, रोख. त्या दिवशी दुपारी तीनला मास्तर कोट खाली काढत आणि नोटा वाटत. भाडं काळ्या दोऱ्याच्या खिशात, दूध पांढऱ्या, वीज पिवळ्या, औषधं लाल. नियम एकच: ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्या खिशात. भाजीचा खिसा पंचवीस तारखेलाच रिकामा झाला, तर पुढे महिनाअखेरपर्यंत बटाटे. दुधानं साबणापुढे हात पसरायचा नाही.

अकरावा खिसा उजव्या काखेखाली होता आणि त्याचं तोंड शिवलेलं होतं. तो बायकोच्या कानाच्या मशीनचा. चार वर्षांपासून तिला ऐकू येईनासं झालं होतं. दर महिन्याला मास्तर चार टाके उसवत, नोट आत सरकवत आणि पुन्हा चार टाके घालत.

"उघड्या खिशात हात सहज जातो," ते म्हणत. "उसवायला बसलं, की माणूस दोनदा विचार करतो."

बायकोला ऐकू येत नसल्यामुळे वाटणी पुकारूनच व्हायची. मास्तरांचा जन्म पडद्यामागे गेला, पण पहिल्या तारखेला त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचे.

"दुधाचे भरले!"

"काय भरलं?"

"दुधाचे, अगं, दुधाचे!"

खालच्या मजल्यावर घरमालक राहत. त्यांना मास्तरांच्या दुधापासून पोटाच्या औषधापर्यंत सगळं तोंडपाठ होतं.

मग नाट्यगृहाचं छप्पर दुरुस्तीला निघालं आणि कंपनीनं तीन महिने पगार अर्धा केला. पहिला महिना कसाबसा रेटला. बटाटे पंधरा तारखेलाच सुरू झाले. दुसऱ्या महिन्यात वाटणी झाली, तरी काळ्या दोऱ्याचा खिसा रिकामाच. बायकोनं कात्री आणली.

"अहो, तो शिवलेला उसवा. भाडं द्या."

"नाही!"

"काय?"

"नाही म्हणतोय! ते तुझ्या कानाचे आहेत!"

"माझेच ना? मग मीच देते. एवढी वर्षं काही ऐकलं नाही, आणखी दोन नाही ऐकणार. तुमचं असं काय ऐकायचं राहिलंय?"

"सहाशे कमी आहेत फक्त मशीनला! सहाशे!"

"आणि भाड्याला?"

"भाड्याला सगळेच कमी आहेत!"

तिनं कोटाची एक बाही धरली, मास्तरांनी दुसरी. सेनापतीची एवढी ओढाताण तिन्ही प्रयोगांत झाली नव्हती. तेवढ्यात दार वाजलं. दारात घरमालक, बनियनवर, डोळ्यांवर झोप.

"वहिनी, कात्री ठेवा खाली."

मास्तर ओशाळले. "तुम्हाला कसं कळलं?"

घरमालकांनी पायाखालच्या फरशीकडे बोट दाखवलं. "दोन महिन्यांचं भाडं मागाहून द्या. पण तो खिसा फोडू नका, मशीन आणा. दर पहिल्या तारखेला माझी दुपारची झोप जाते हो!"

"काय म्हणतायत?" बायकोनं विचारलं.

मास्तर ओरडले, "भाड्यासाठी थांबतो म्हणतायत!"

"थांबा म्हणावं. आम्ही कुठे पळून जातोय?"

त्याच संध्याकाळी मास्तरांनी कोटाला बारावा खिसा लावला, हिरव्या दोऱ्याचा, थकलेल्या भाड्यासाठी. छप्पर झालं, पगार पूर्ववत झाला. आधी हिरवा खिसा भरून रिकामा झाला, मग अकरावा खिसा कायमचा उसवला आणि मशीन आलं.

पुढच्या पहिल्या तारखेला मास्तरांनी कोट काढला आणि सवयीनं पुकारलं, "दुधाचे भरले!"

बायको दचकली. "हळू बोला. भांडी हादरतात."

मग मास्तर हळू बोलले. वीज, औषधं, साबण, सगळं कुजबुजत वाटलं. खाली घरमालक आडवे झाले होते. त्यांनी दुधाची वाट पाहिली, विजेची पाहिली. शेवटी उठले, जिना चढून वर आले आणि दाराबाहेर उभं राहून हलक्या आवाजात म्हणाले, "मास्तर, सगळं ठीक आहे ना? भाड्याचा खिसा भरला का?"

मास्तरांनी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

"भरला हो, भाऊजी. जाऊन झोपा."