आक्का म्हणजे कोण?

सीमाभागातल्या टिळकवाडीत भावकू वकिलांचं ऑफिस कुणालाही विचारा, पत्ता सांगेल आणि वर सल्लाही देईल, "जावा की, पण जेवून जावा. लई बोलतंय ते." आता बोलणार नाही तर काय करणार बिचारा! सगळी हयात एकाच कामात गेली. विमा कंपनीनं 'नाही' म्हटलं की तिला 'हो' म्हणायला लावायचं. वडगावात कुणाचा यंत्रमाग जळू दे, तवंदीच्या घाटात कुणाचा ट्रक उलटू दे, माणूस आधी देवाला नारळ फोडणार आणि मग भावकूंचा जिना चढणार.

एकदा एका शेतकऱ्याला त्यांनी बजावलं, "म्हस मेली तरी कानातला विम्याचा बिल्ला टाकू नको, तारखेला घेऊन ये." पठ्ठ्यानं बिल्ला कानासकट आणला, केळीच्या पानात गुंडाळून! कोर्टाचा शिपाई बाहेर पळाला तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत आत आला नाही. भावकू खटला जिंकले, पण पुढं कितीतरी दिवस बार रूममध्ये 'कान वकील' म्हणून हाक ऐकत बसले. घरी बायकोचा, रचनाचा, सूर वेगळाच. "गावाचा विमा सोडवतासा, आपल्या स्कूटरचा विमा कवा संपला ठाव हाय काय?" यावर वकीलसाहेब फाईल काखेत मारून कोर्टाची वाट धरत.

अशा या भावकूंकडं काकतीच्या गुणाबाई आल्या. एकुलता एक मुलगा विनोद, उद्यमबागेत कामाला, निपाणीजवळ हायवेवर मोटरसायकलच्या अपघातात गेला. लग्न व्हायचं होतं. त्यानं विमा उतरवला होता, पण कंपनी म्हणाली, वारस म्हणून बहिणीचं नाव आहे, बहिणीला आणा.

"बहीण कुठं आहे?" भावकूंनी विचारलं.

"मीच की ती," गुणाबाई म्हणाल्या. "माझं बाळ मला आक्का म्हणायचं."

झालं होतं असं. एजंट धारवाडकडचा. त्यानं कन्नडात विचारलं, वारस कोण? पोरगं म्हणालं, "आक्का." कन्नडात अक्का म्हणजे थोरली बहीण, एजंटनं बहीण लिहून टाकलं. पुढं नाव गुणाबाई मष्णू. मष्णू हा गुणाबाईंचा नवरा, पण कंपनीनं त्याला त्यांचा बाप करून टाकला. आता बाई म्हणतात मी आई, कागद म्हणतो बहीण, म्हणजे कुणीतरी फसवतंय!

"पैशाचं मागनं बघा, वकीलसाहेब," गुणाबाई म्हणाल्या. "ज्येला जलम दिला त्येची भन करून ठेवल्यात मला. ती भन खोडून आई करा आधी."

भावकूंना वाटलं, हे तर चुटकीसरशी! शाळेचा दाखला, रेशनकार्ड, सगळं जोडून ग्राहक मंचात दावा लावला. कंपनीचे वकील रविराज शांतपणे म्हणाले, "या आई आहेत, मान्य. मग वारस लावलेली बहीण कुठं?" भावकू चिडले. पुढच्या तारखेला जाडजूड मराठी शब्दकोश घेऊन आले आणि न बघता मंचाच्या अध्यक्षांच्या पुढ्यात ठेवला. अध्यक्षांनी पान काढलं, बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं, "आक्का. थोरली बहीण." हाय रे कर्मा! स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा. गुणाबाई मागच्या बाकावर पदराला पीळ देत बसल्या होत्या. त्यांच्याकडं बघायची भावकूंना लाज वाटली.

आणि मग भावकू बोलले ते वकिलासारखं नव्हतंच. "साहेब, मी माझ्या आईला मरेपर्यंत वैनी म्हणत होतो. घरात चार काका, सगळे तिला वैनी म्हणायचे, मी तेच उचललं. आमच्याकडं पोरं अशीच बोलायला शिकतात. या कंपनीच्या हिशोबानं माझी आई माझ्या भावाची बायको झाली!"

सगळे हसले. अध्यक्ष हसले नाहीत. ते रविराजकडं वळले. "तुम्ही निपाणीचे ना? हे खरं आहे?"

रविराजनी फाईल उघडली, मिटली. मागं कंपनीचा साहेब डोळे वटारून बसलेला. "खरं आहे, साहेब," ते हळूच म्हणाले. "माझी आईपण आक्काच."

निकालाच्या दिवशी भावकूंनी आवारातच कागद उघडला. निकाल कन्नडात. ऐटीत, खड्या आवाजात, अर्धं कन्नड अर्धं मराठी करत वाचू लागले, "गुणाबाई या मयताच्या तायी आहेत..."

गुणाबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. माहेर चंदगडचं, त्यांचं कन्नड बाजारातल्या भाजीच्या पुढं कधी गेलंच नव्हतं. "आक्काची ताई केलासा व्हय? परत भनच की ओ मी!"

"अहो नाही, नाही! तायी म्हणजे आई! कन्नडात आईच!"

"आईच?"

"आईच. सरकारी शिक्क्यानिशी."

गुणाबाई हसल्या. हसता हसता कधी रडायला लागल्या ते त्यांनाही कळलं नाही. "कागदाचं झालं बगा," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "आता हाक मारणारं कोन न्हाय."

 भावकूंनी फाईल काखेत मारली, बिनविम्याची स्कूटर काढली, किक मारली आणि म्हणाले, "चला आक्का, काकतीला सोडतो."

गुणाबाई जागच्या जागी थांबल्या. मग पदर सावरून म्हणाल्या, "आलो रं, बाळा."

काकती येईपर्यंत भावकू वकील एक शब्द बोलले नाहीत.