मामाने मिटवलेला दुष्काळ

आमच्या भागातला दुष्काळ मामाने मिटवला, अशी मध्यंतरी आवई उठली होती. कोणी म्हणे, त्याने ढगांवर औषध फवारलं. कोणी म्हणे, वरच्या साहेबांना हाताशी धरून कालवा आणला. न्हाव्याने तर त्याची दाढी फुकट केली आणि मामाने ती करूनही घेतली. फुकटचं नाकारायची त्याला सवयच नाही.

खरी गोष्ट अशी, की मामाने दुष्काळ मिटवला तो खुर्चीवरून न उठता. पावसाची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत तो आकड्यांचा साहेब. गावोगावच्या पावसाचे आकडे त्याच्या टेबलावर येतात आणि यंदाचा पाऊस मागच्या तीस वर्षांच्या सरासरीशी ताडून तो ठरवतो, दुष्काळ आहे की नाही. पाऊस सरासरीपेक्षा फारच कमी भरला, तरच पाण्याचे टँकर सुटतात. दर दहा वर्षांनी ही सरासरी नव्याने काढतात. सगळ्यात जुनी दहा वर्षं गळतात, ताजी दहा आत येतात. यंदा गळली ती धो धो पावसाची आणि आत आली ती कोरडी खडखडीत. सरासरी धाडकन खाली बसली. तिच्याशेजारी यंदाचा दीडदमडीचा पाऊसही छाती काढून उभा राहिला आणि नकाशावरचा लाल रंग रातोरात हिरवा झाला. कचेरीतल्या एक बाई म्हणाल्या, जुन्या सरासरीशीही ताडून बघू, पाऊस कसा आटत गेलाय ते कळेल. मामा म्हणाला, "जुनं उगाळत बसायचं नसतं, बाई."

त्या हिरव्या रंगात आईची लिंबांची बागही आली. आई म्हणजे मामाची थोरली बहीण. टँकर बंद झाला त्या दिवशी तिने त्याला फोन लावला.

"अरे, विहिरीत बेडूकसुद्धा उरला नाही. टँकरचं काय?"

"ताई, तसं पाहिलं तर..." मामाचं प्रत्येक वाक्य इथूनच निघतं, आधी घसा खाकरून, मग हनुवटी वर करून. फोनवरसुद्धा ती हनुवटी ऐकू येते. "तसं पाहिलं तर तुमच्या भागात दुष्काळ नाहीये."

"मग विहीर कशाने आटली?"

"ते तुलनेने आहे गं."

"तुझी तुलना बादलीत भरून दे. झाडांना घालते."

शेवटी आईने त्याला बागेतच बोलावलं. डोळ्यांनी बघ आणि जुनी सरासरी धरून फेरअहवाल लिही, म्हणाली. त्याने लिहिला तर टँकर पुन्हा सुरू होणार होता. नाही लिहिला तर बाग गेली.

मामा आला. कडक इस्त्रीचा शर्ट, काळा चष्मा आणि गार पाण्याची बाटली, जी त्याने कोणालाही विचारली नाही.

मी म्हटलं, "मामा, झाडं बघितलीस की 'दुष्काळ आहे' असं म्हणशीलच. लावतोस पैज?"

"लाव. नाही म्हटलं तर पिशवीभर लिंबं माझी." पिशवी त्याने खिशात घालूनच आणली होती.

अर्ध्या बागेचं सरपण झालं होतं. मामाने एक फांदी नुसती धरली, तर ती कट्‌कन मोडून हातात आली. आई त्याच्या तोंडाकडे बघत होती, तपासून झाल्यावर डॉक्टरकडे बघतात तशी. मामाने घसा खाकरला. मला वाटलं, आता म्हणतोय!

"तसं पाहिलं तर ताई, ही वाळलेली झाडं तू हिशेबात धरतेसच कशाला? ती वगळ. मग बघ, दर झाडामागे लिंबं तेवढीच आहेत. सांख्यिकीदृष्ट्या," हा शब्द तो चिक्की चघळल्यासारखा बोलतो, "सांख्यिकीदृष्ट्या बाग ठणठणीत आहे."

"आणि पुढच्या वर्षी उरलेलीही वाळली तर?"

"मग तीही वगळायची."

आईने त्याच्या हातातली मोडकी फांदी काढून घेतली. म्हणाली, "दे गं त्याला त्याची लिंबं."

सगळी बाग धुंडाळूनही पिशवी अर्धीच भरली. गोट्यांएवढी लिंबं. मी ती त्याच्यापुढे धरली, आता तरी लाजेल म्हणून. मामाने पिशवीचं तोंड बाहेरून खाली दुमडलं. पुन्हा एकदा दुमडलं. लिंबं काठाला लागली.

"भरली की गं!" म्हणाला, आणि पैज हरल्याबद्दल माझ्या पाठीवर थाप मारून बसथांब्याकडे चालू लागला.