धुऱ्यावरचं कापड

वणीहून मुकुटबनकडे जाणाऱ्या बसची काच कोळशाच्या धुळीनं इतकी माखली होती, की बाहेरची फुटलेली कपाशीही काळपट दिसत होती. शेजारी माझी चित्रकार मैत्रीण वसुधा बसली होती. पोळ्यानंतर तिनं आणि मृदाशास्त्र शिकवणाऱ्या उमरखेडच्या सलीम सरांनी एका गावातल्या शेतकऱ्यांच्या पंजांचे ठसे सुती कापडांवर घेतले होते आणि ती कापडं त्यांच्याच वावरांत (शेतांत) पुरली होती. आता दिवाळी उरकली होती. कापडं उकरून शाळेच्या व्हरांड्यात टांगायची आणि त्या निमित्तानं लोकांना बदलत्या पावसाबद्दल बोलतं करायचं, असा बेत होता. मला तो शहरी लोकांचा फावल्या वेळचा उद्योग वाटत होता.

गावात ठसे दिलेल्यांपैकी नामदेवकाकांकडे जेवलो. भाकर, तुरीचं वरण आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. काकांचा मुलगा गजानन जेवताजेवता म्हणाला, "उद्या ट्रॅक्टर येऊन राह्यला. सोयाबीन निंगालंच, आता तो धुरा (बांध) मोडून टाकतो. पुढच्या साली कपाशीच्या दोन ओळी जास्तीच्या बसतीन."



दुपारी काकांनी स्वतः फावडं घेतलं. कपाशीतलं कापड निघालं ते जसंच्या तसं, पाचही बोटं शाबूत. काकांनी ते झटकून उंच धरलं. "पाह्य गजा! माहा पंजा जरासा बी हलला नाई. अशी माती आहे माही!" जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

 मग सकाळीच पोचलेल्या सलीम सरांनी काकांच्याच पंजाचं, धुऱ्यावर पुरलेलं दुसरं कापड काढलं. हाताला फक्त चिंध्या आल्या, पंजाचा पत्ताच नव्हता.

"काका, जित्या मातीत सूत टिकत नाई," ते म्हणाले. "इथं बारके जीव आहेत, त्यायनं खाल्लं. वावरात खाणारंच कोणी राह्यलं नाई."

काकांचा वर धरलेला हात हळूहळू खाली आला. त्यांच्याकडे बघवेना मला.

संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात सगळ्यांच्या वावरांतल्या शाबूत पंजांची रांग लागली आणि टोकाला ती चिंधी.  एक बाई म्हणाली, "पयले दिवसदिवस झड लागे, पाणी मुरे. आता घडीभरात धो धो येते अन् मातीच घेऊन जाते." सर म्हणाले, पाऊस बिघडला हे खरंच, पण मेलेल्या मातीला तो धरताही येत नाही.

"वावरातलं कापड कधी सडन?" काकांनी विचारलं.

"औषधाचे फवारे कमी केले, पालापाचोळा टाकला, तर काही वर्षांनी. धुरा राह्यला तर तिथून जीव पसरतीन."

"मंग माह्या डोळ्यानं नाई दिसाचं." काका गजाननकडे वळले. "धुरा राहू दे, बाप्पा."

"धुऱ्यानं पोट भरते का, बाबा?" गजानन म्हणाला. 

सकाळी ट्रॅक्टर आला तेव्हा काका धुऱ्यावर मांडी घालून बसले होते. गजाननानं विनवलं, आरडाओरडा केला, शेवटी डोळे पुसत ट्रॅक्टरवाल्याला हातानं पुढे जायची खूण केली. नांगर काकांना वळसा घालून गेला. गवत, बोरीची झुडपं, सगळं उलथलं. माणूस बसेल एवढाच धुरा उरला.

काकांनी वसुधाला हाक मारली. "बाई, कोरं कापड आहे का? गजाचा पंजा घ्या अन् इथंच पुरा."

"माहा कायले?" गजाननानं विचारलं.

"उकराले मी राहीन का नाई, कोणाले माहीत."

 गजाननानं धुळीनं भरलेला हात पँटला पुसला आणि पुढे केला.

नागपूरला परतल्यावर लोक विचारतात, त्या प्रदर्शनानं काय साधलं? मी खरं तेच सांगते. चर्चा झाली आणि धुरा गेला. पण त्या टीचभर जागेत आता गजाननचा हात पुरलेला आहे, आणि बाप असो वा नसो, तो उकरायला त्याला एकदा तिथं जावंच लागणार आहे.