एक वाजून दहा मिनिटांचा धक्का

माझ्या मामाला सगळं गाव 'हादरे' म्हणायचं. हे काही आडनाव नव्हतं. भूकंप नोंदवायच्या केंद्रात त्याने एकतीस वर्षं नोकरी केली, त्याचं हे बक्षीस. केंद्र म्हणजे तरी काय, धरणामागच्या टेकडीवर दोन खोल्या, एक फोन आणि आतल्या खोलीत थेट खडकावर बसवलेलं यंत्र. बाहेरच्या खोलीत एक ड्रम हळूहळू फिरत असे आणि त्याच्यावर गुंडाळलेल्या कागदावर सुई रेघ ओढत राही. रोज सकाळी आठला मामा कालचा कागद काढायचा, नवा चढवायचा आणि भिंग घेऊन कालच्या कागदावर वाकायचा. मामी म्हणायची, "एवढं निरखून कधी माझ्याकडे बघितलं असतं, तर मला चष्मा लागलाय हे त्यांना चार वर्षांनी कळलं नसतं."

भेटेल त्याला पकडून शिकवायची त्याला खोडच होती. "आपल्याकडे जमीन रोज हलते. खाली खडकात जुनी भेग आहे, वर धरणाचं पाणी. पाणी चढलं की ओझं वाढतं, थोडं पाणी भेगेतही झिरपतं, मग खडक जरासा सरकतो. दहातले नऊ धक्के तुम्हाला कळतच नाहीत. ते फक्त मला कळतात." हे शेवटचं वाक्य तो असं म्हणायचा, की जणू ते धक्के त्याला विचारूनच येत होते. मग लाटांचा पाठ. धक्क्याच्या दोन लाटा, पहिली घाईची, दुसरी जोराची. दोघींमधले सेकंद मोजायचे, आठने गुणायचं, तितके किलोमीटर लांब. मला हे पाढ्यांच्या आधी येत होतं.

टेकडीपलीकडे दगडाची खाण होती. तिथे रोज दुपारी एक ते दीडच्या दरम्यान सुरुंग उडायचे आणि सुई तेही इमानदारीने नोंदवायची. सुरुंगाची रेघ वेगळी असते, दुसरी लाट अगदी मरगळलेली. मामाला ती झोपेतही ओळखता आली असती. पण वीस-पंचवीस वर्षं त्याच वेळेला तेच बघून माणसाचा डोळा निबर होतो. एक ते दीडमधलं काहीही असलं की तो न मोजता रजिस्टरात पेन्सिलीने 'सु' लिहून मोकळा व्हायचा. ही त्याची चूक होती. मी ती लपवणार नाही. आजवर मी ती इतक्या जणांना सांगितली आहे की आता लपवून उपयोगही नाही.

माझी आई, म्हणजे त्याची ताई, कपडे शिवायची. आमच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत तिचं कापड बेतायचं टेबल होतं आणि त्याच्यावर माळा. माळ्यावर जुन्या शिलाई मशीनचं लोखंडी मुंडकं चादरीत गुंडाळून ठेवलेलं, कधीतरी दुरुस्त करू म्हणून. कपबशा वाजल्या की आई केंद्रात फोन लावायची आणि एवढंच विचारायची, "खरा की सुरुंग?" खरा असला तर आम्ही दोघी मिळून ते मुंडकं खाली काढायचो आणि आठ दिवस जमिनीवर ठेवायचो. कारण मामाची शिकवण, आपल्याकडे धक्के एकेकटे येत नाहीत, मागेपुढे भावंडं असतात. ते आठ दिवस आम्ही त्याला ठेचकाळत आणि मामाच्या नावाने खडे फोडत काढायचो.

त्या गुरुवारी एक वाजून दहा मिनिटांनी कपबशा वाजल्या. मी बावीस वर्षांची, समोर ताट आणि ताटाशेजारी मासिक. आईच्या तोंडात टाचण्या होत्या, त्या तिने काढल्या.

"हा सुरुंग नाही. सुरुंग एकदाच दणकतो. हे हललं."

तिने फोन लावला. मामा डबा उघडून बसला असणार, भरल्या तोंडाचा त्याचा आवाज मला इथवर ऐकू आला. "ताई, घड्याळ बघ की! सुरुंग आहे. जेव निवांत."

आईने फोन ठेवला, पण तिची नजर माळ्यावरून हलेना. "तरी ते मुंडकं खाली काढू या गं. मला एकटीला नाही पेलायचं."

"मामा सुरुंग म्हणाला ना? मग उगाच कशाला कंबर मोडून घ्यायची? तुझं आपलं काहीतरीच," मी म्हणाले आणि पान उलटलं. आईने टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या.

शुक्रवारी सकाळी पावणेअकराला धक्का बसला. मोजमापाने लहानच, चार पूर्णांक एक. सात-आठ सेकंद. दोन कुंपणाच्या भिंतींना तडे गेले, शाळा लवकर सुटली. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, 'विशेष हानी नाही'. आमच्या घरात माळ्यावरचं मुंडकं घसरलं आणि कापड कापत असलेल्या आईच्या उजव्या हातावर पडलं. तीन बोटं चिरडली. त्या हाताने तिने पुन्हा कात्री धरली नाही.

मामा दुपारी दवाखान्यात आला. आत आईजवळ अर्धा तास बसला. मग बाहेर, जिथे मी बाकावर बसले होते तिथे आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. कुणी विचारलं नसताना त्याने आपणहून सगळं सांगितलं. सकाळी आठला त्याने गुरुवारचा कागद काढला होता आणि सवयीने 'सु' लिहिलं होतं. धक्क्यानंतर तोच कागद पुन्हा घेतला, मोजला. दोन लाटांमध्ये दोन सेकंद. खरा होता, सोळा किलोमीटरवरचा. खाणीत फोन केला तर कळलं, छिद्रं पाडायचं मशीन मंगळवारपासून बंद, सुरुंग उडालेच नव्हते.

"एक फोन केला असता तर कळलं असतं," तो म्हणाला. "माझी चूक झाली गं."

माझ्या डोक्यात राख गेली. "तुझ्या रजिस्टरात माझ्या आईची बोटं कुठल्या रकान्यात लिहिणार आहेस?" मी विचारलं. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले तरी मी थांबले नाही. "आमच्या घरी परत पाऊल टाकू नकोस."

मामा "बरं" म्हणाला आणि जिना उतरून गेला.

तो खरंच आला नाही. नऊ वर्षं. मी कामाला गेले की रोज आईला फोन करायचा. मला ते ठाऊक होतं आणि ठाऊक नसल्यासारखं मी दाखवायचे. माझ्या लग्नाला त्याने मामीला पाठवलं, स्वतःची ड्युटी आहे म्हणे. ड्रमला एक दिवस दुसऱ्या कुणी सांभाळलं असतं. मीही आग्रह केला नाही. तिकडे खाणीत तो थट्टेचा विषय झाला होता, कारण तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत रोज एक वाजता तो त्यांना फोन करायचा. "हादरे, उडवला हो आजचा, जेवा आता," असं खाणीतला कारकून ओरडायचा, तेव्हा कुठे मामा डबा उघडायचा.

गेल्या वर्षी मामा गेला. हृदयाचा झटका, काही बोलायलाही वेळ मिळाला नाही. मामीला आवराआवर करायला आई आणि मी गेलो. त्याच्या कपाटात मुख्य कार्यालयाचं पत्र सापडलं. आपली चूक त्याने स्वतःच वर लिहून कळवली होती, त्याचं हे उत्तर. नोंद चुकली याबद्दल समज दिली होती. पण पुढे साहेबांनी लिहिलं होतं, की एखादा धक्का मोठ्या धक्क्याच्या आधीचा होता, हे मोठा येऊन गेल्यावरच कळतं. नोंद बरोबर असती तरी कार्यालयाला इशारा देता आला नसता. हे पत्र माझ्या तोंडावर फेकता आलं असतं त्याला. त्याने ते कपड्यांखाली ठेवलं होतं.

मी पत्र आईला वाचून दाखवलं. आई डाव्या हाताने त्याच्या शर्टांच्या घड्या घालत होती.

"आई, तू मला ते मुंडकं काढू या म्हणाली होतीस," मी म्हणाले. इतक्या वर्षांत हे आम्ही दोघी कधी बोललो नव्हतो. "मामाला मी हे कधी सांगितलंच नाही."

"मी सांगितलं होतं."

"कधी?"

"त्याच दिवशी. दवाखान्यात माझ्यापाशी बसून लहान मुलासारखा रडायला लागला, मग काय करू? म्हटलं, तुझ्या एकट्याचा दोष नाही रे, पोरीलाही मी सांगितलं होतं, तिने ऐकलं नाही. तसा गप्प झाला. म्हणाला, ताई, हे तिला कधी बोलून दाखवू नकोस. तिला पुढे सगळं आयुष्य काढायचंय. आणि डोळे पुसून तुझ्याशी बोलायला बाहेर आला."

म्हणजे मी बाकावरून उठून सगळ्यांदेखत त्याला रकाना विचारत होते, तेव्हा त्याला माहीत होतं. एक वाक्य बोलला असता तर माझं तोंड तिथल्या तिथे बंद झालं असतं. तो "बरं" म्हणाला.

मामी चहाला हाक मारत होती. मी तशीच पत्र धरून बसले. केंद्राचा नंबर मला लहानपणापासून पाठ होता, घरचाही. नऊ वर्षांत मी एकदाही तो फिरवला नाही.